फ्लोराबाई कुणाच्या?

फ्लोराबाईंच्या दारावर मी पहिल्याच दिवशी टकटक केली, ही माझी चूक झाली. आत काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, मग घाईची पावलं, आणि दार उघडून एक उंच, पांढऱ्या केसांची, पिठाने हात माखलेली म्हातारी माझ्याकडे बघत उभी राहिली. चेहरा पार उतरलेला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कुणी गेलेलं नाही. मी समोरच्या घरात राहायला आलोय, आमच्या नळाला पाणी येत नाहीये, तुमच्याकडे येतंय का एवढंच विचारायचं होतं. त्यावर त्यांनी चौकटीला धरून एक लांब श्वास घेतला आणि मला सडकून झापलं. या गावात दार वाजवून फक्त वाईट बातमी येते. दार वाजवतो तो पोलीस, नाहीतर चर्चमधले फादर. बाकीची माणसं दार ढकलून आत येतात आणि चुलीपाशी बसतात.

"आता बाहेर जा," त्या म्हणाल्या, "आणि नीट ये."

मी सदुसष्ट वर्षांचा निवृत्त इंजिनिअर. व्हिटबीला माझं स्वतःचं घर, सोसायटीचा माजी अध्यक्ष वगैरे. पण मुकाट्याने बाहेर गेलो, दार बंद केलं, पुन्हा उघडलं आणि आत येऊन चुलीपाशी बसलो.

"हं," फ्लोराबाई म्हणाल्या. "चहा घेशील?"

ही गोष्ट २०१५च्या सप्टेंबरची. माझी बायको सुमन फॅमिली डॉक्टर. व्हिटबीची प्रॅक्टिस सोडून तिने आता आराम करावा असं ठरलं होतं, पण आराम हा शब्द तिला मानवत नाही. केप ब्रेटन बेटावर डॉक्टर मिळत नाहीत असं तिच्या कानावर आलं आणि तिने मला न विचारता अप्लाय केलं. तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. "अरे श्री, समुद्र आहे, डोंगर आहेत, तुला आवडेल," ती म्हणाली. मला काय आवडतं हे पस्तीस वर्षं तीच ठरवत आली आहे, त्यामुळे मी सामान बांधलं. तिथे माझं काम म्हणजे विंटर टायर्स बदलून घेणं, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करणं आणि तिला क्लिनिकला पोचवणं. गावाने माझं नावही त्यावरूनच ठेवलं. मी 'डॉक्टरचा नवरा'.

केप ब्रेटन नोव्हा स्कोशिया प्रांताच्या टोकाला आहे, व्हिटबीहून गाडीने दोन दिवसांवर. आता समुद्रात भर घालून रस्ता केलाय, पण फ्लोराबाईंच्या लहानपणी मुख्य भूमीवरून यायचं तर फेरीबोट हाच मार्ग होता. आमचं गाव पश्चिम किनाऱ्यावर, डोंगर जिथे थेट पाण्यात उतरतात तिथे. वसंतात आखातातला बर्फ वाहत येऊन किनाऱ्याला अडकतो आणि मे महिना आला तरी हवेतला गारठा जात नाही. दोनेकशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या बेटांवरून गेलिक बोलणारी माणसं जहाजं भरून इथे आली. तिथल्या जमीनदारांना माणसांपेक्षा मेंढ्या परवडत होत्या. इथे येऊन त्यांनी जंगल तोडलं, मासे धरले, आणि भाषा, गाणी, भांडणं सगळं जसंच्या तसं पुढे चालवलं. अर्ध्या गावाचं आडनाव एकच. पुरुषांची नावंही मोजकीच, तीच तीच फिरवून ठेवलेली. त्यामुळे नुसतं नाव सांगून इथे कुणाला काही कळत नाही. माणूस सांगायचा तो बाप, आजोबा, पणजोबा लावून. गेलिकमध्ये नाव विचारायच्या आधी विचारतात, "को लेश ऊ?" म्हणजे, कुणाचा तू?

मला हे ऐकून एकदम मिरजेची आठवण झाली. आमच्या गल्लीत नवा पोरगा दिसला की ओट्यावरचे म्हातारे हेच विचारायचे. तेव्हा राग यायचा.

फ्लोराबाईंनी चहा ओतता ओतता मला तोच प्रश्न विचारला. मी ऐटीत सांगितलं, श्रीधर, दत्तात्रयचा, महादेवचा, विष्णूचा. श्राद्धाला वडलांपासून तीन पिढ्या लागतात, तेवढ्या मला पाठ होत्या. त्या थांबून राहिल्या. मीही थांबलो.

"पुढे?"

"पुढे माहीत नाही."

त्यांना माझ्याबद्दल खरोखरच वाईट वाटलं. एवढी शिकलेली बायको असलेला माणूस आणि चार पायऱ्यांत संपतो! त्या इतक्या मागे लागल्या, की शेवटी मी मिरजेला माझ्या चुलतभावाला फोन केला. नानाने जुनं काहीतरी आठवून आणखी दोन नावं दिली, बाळंभट आणि नारो. मी ती फ्लोराबाईंना सांगितली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघरात दहा-बारा माणसं गप्पांना जमली होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि श्रीधरपासून नारोपर्यंतची सगळी नावं सभेला म्हणून दाखवली. उच्चारांचं पार भरीत झालं होतं, पण क्रम बरोब्बर. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि यांच्या बायका?"

एकाही पणजीचं नाव मला येत नव्हतं.

"म्हणजे निम्मी माणसं हरवलीस तू," त्या म्हणाल्या आणि ओटकेकवर लोणी थापायला लागल्या.

लोणी थापणं हा त्यांचा ठाम विषय होता. ओटकेक म्हणजे ओटच्या पिठाची जाडसर, खुटखुटीत भाकरी म्हणा ना. त्यावर भाकरीइतकाच जाड लोण्याचा थर. सुमन कोलेस्टेरॉलबद्दल काही बोलायला गेली, तर फ्लोराबाईंनी तिच्या बशीत दुसरी ठेवली. चहाची किटली दिवसभर चुलीच्या मागच्या अंगाला उकळत असायची. दुपारपर्यंत तो चहा असा काही व्हायचा, की आमच्या मिरजेच्या स्टेशनवरचा चहा त्यापुढे फिका. मांजरीला त्या गेलिकमध्ये रागवायच्या, टाके गेलिकमध्ये मोजायच्या, देवाशीही गेलिकमध्येच बोलायच्या. पण क्लिनिकमध्ये सुमनपुढे बसल्या की एक शब्द गेलिक नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "दुखणं इंग्लिशमध्ये सांगावं. मग ते आपलं वाटत नाही."

त्यांना वंशावळी यायच्या, हे मी आधी एक करमणूक समजत होतो. हळूहळू लक्षात आलं, की गाव त्यांच्यावर चालतं. लग्न ठरलं की मुलीची आई येऊन बसायची, मुलगा कितव्या पिढीत नात्यात लागतो ते विचारायला. अमेरिकेतून पाळंमुळं शोधत पाहुणे यायचे, त्यांना पेट्रोलपंपावरचा माणूस सरळ फ्लोराबाईंचं घर दाखवायचा. एकदा बॉस्टनहून एक जाडजूड गृहस्थ आले. आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. फ्लोराबाईंनी त्यांच्या कानांकडे बघून थेट त्यांच्या आजोबांचं नाव घेतलं. मग त्यांना पायवाटेने टेकडीवर नेऊन एका पडक्या घराचे दगड दाखवले आणि म्हणाल्या, "हे तुझं." ते गृहस्थ दगडावर बसून हमसून हमसून रडले. फ्लोराबाई शांतपणे बाजूच्या ब्लूबेरी खुडत राहिल्या. परतताना त्यांनी मला कानात सांगितलं, "याचा आजोबा भयंकर आळशी होता, पण ते आज नको."

हेक्टर रोज संध्याकाळी यायचा. रस्त्याच्या वरच्या अंगाला त्याचं घर. ऐंशीच्या पुढचा, आयुष्यभर लॉब्स्टर पकडलेला, हात म्हणजे नुसती लाकडं. दार ढकलायचा, टोपी काढायचा, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा. कधी कागदात गुंडाळलेला मासा, कधी सरपण, सीझनमध्ये लॉब्स्टर. फ्लोराबाईंचं अंगण बर्फातून मोकळं करून मगच तो स्वतःचं करायचा. दोघं गेलिकमध्ये वाद घालायची, मग गप्प बसायची, मग चहा. मी सुमनला म्हटलं, भाऊ असावा तर असा.

भाऊच होता तो. एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढलेली ती दोघं. पण त्यात एक गाठ होती, आणि ती मला पहिल्या उन्हाळ्यात गावच्या हॉलमध्ये कळली.

ऑगस्टमध्ये तिथे मिलिंग फ्रॉलिक असतो. पूर्वी घरी विणलेली लोकरीची ब्लँकेट घट्ट व्हावीत म्हणून ती ओली करून लांब टेबलावर आपटून आपटून मळायची. आपल्या घोंगडीसारखी दाट होईपर्यंत. हात एका तालात पडावेत म्हणून गाणी. एकाने कडवं म्हणायचं, सगळ्यांनी धृपद, आणि ब्लँकेट हातोहात प्रदक्षिणेच्या दिशेने फिरवायचं. उलटं फिरवलं तर अशुभ. आता ब्लँकेट दुकानात मिळतं, पण गाणी दुकानात मिळत नाहीत, म्हणून गाव दर वर्षी तेच एक जुनं ब्लँकेट काढतं आणि मळतं. इतक्या वर्षांच्या मारानंतर ते बहुधा गोळीसुद्धा अडवेल. पूर्वी ते कशात भिजवायचे, हे फ्लोराबाईंनी सुमनला अगदी चवीने सांगितलं. घरातल्या सगळ्यांनी रात्रभर साठवलेलं... असो. सुमन डॉक्टर असून तिने हातातलं सँडविच खाली ठेवलं.

फ्रॉलिकचा यजमान हेक्टर. गाणं सांगायला ज्याला टेबलाच्या डोक्याशी बोलवायचं, त्याला तो पूर्ण वंशावळीने हाक मारायचा. त्या गावची ती रीतच. सुरुवात त्याने स्वतःपासून केली. हेक्टर, आलस्तरचा, आलस्तर रोरीचा, रोरी नीलचा, नील डोनाल्डचा. डोनाल्ड म्हणजे जहाजातून उतरलेला पहिला. मग एकेकाला हाक. प्रत्येक माणूस उठताना त्याच्या मागे बाप-आजे उठल्यासारखे वाटायचे. मला ते फार आवडलं. मग हेक्टरने हाक दिली, "फ्लोरा ऑफ द फेरी."

मी हसलो. टोपणनाव असेल असं वाटलं. पण फ्लोराबाई उठल्या त्या टेबलाकडे बघत उठल्या, कुणाकडेही न बघता. गाणं मात्र त्यांनी असं म्हटलं, की हॉलच्या काचा थरारल्या.

हेक्टरची नात कट्रीना शाळेत गेलिक शिकवते. तिने मला बाहेर कॉफी पिताना सांगितलं. फ्लोराबाई त्या घरात जन्मल्या नव्हत्या. तीन-चार वर्षांच्या असताना हॅलिफॅक्सच्या एका अनाथाश्रमातून त्यांना आणलं. फेरीबोटीवरून एका नर्सच्या हाताला धरून उतरलेली, एकही गेलिक शब्द न येणारी मुलगी. हेक्टरच्या वडलांनी, आलस्तरने, तिला घरी नेलं. ती मुलगी दत्तक दिलेली नव्हती, फक्त सांभाळायला दिली होती. आईची तब्येत बरी झाली की ती येऊन घेऊन जाईल असं नर्सने सांगितलेलं. आलस्तर शब्दाचा पक्का. दुसऱ्याने ठेवायला दिलेल्या लेकरावर आपलं नाव कसं घालायचं? आई आली तर तिला काय वाटेल? म्हणून त्याने तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली, पण वंशावळीत घेतली नाही. गावाने मग ती जिच्यावरून आली त्या बोटीचं नाव लावलं.

"आणि आई?" मी विचारलं.

"ती आलीच नाही," कट्रीना म्हणाली. "पण आजोबा म्हणतात, माझ्या वडलांनी जे दिलं नाही, ते मी कसं देऊ?"

मला हेक्टरचा राग आला. सुमनलाही आला, पण ती म्हणाली, "तू मधे पडू नकोस हं. आपण इथे गेस्ट आहोत." एरवी मधे पडायला मी तिच्या परवानगीची वाट पाहत नाही, पण या वेळी ती बरोबर होती. तरी एकदा हेक्टरला गाडीने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेताना मी विषय काढलाच. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. मग म्हणाला, "ती माझी बहीण आहे. तिच्यासाठी मी उद्या समुद्रात उडी मारीन. पण वंशावळ ही खोटं बोलायची जागा नाही." आणि पुढचा सगळा रस्ता लॉब्स्टरबद्दल बोलला.

२०१७च्या नाताळात कट्रीनाने घरात सगळ्यांना डीएनए टेस्टची पाकिटं भेट दिली. त्या वर्षांत जो तो नळीत थुंकत होता. आमच्या मुलीनेही ब्रॅम्पटनहून फोनवर सांगितलं, "बाबा, यू शुड डू इट टू, इट्स फन." फ्लोराबाई आधी नको म्हणाल्या, मग थुंकल्या. वसंतात कट्रीनाच्या फोनवर निकाल आला. फ्लोराबाईंचं रक्ताचं एक माणूस सापडलं होतं, शेजारच्या प्रांतात, मंक्टनला. त्यांच्या सख्ख्या मावशीची नात. नाव लॉरेन.

लॉरेन भेटायला आली त्या दिवशी फ्लोराबाईंनी नवा ब्लाउज घातला होता. मी आणि सुमन मुद्दाम बोलावलेले, बहुधा धीराला. लॉरेन चाळिशीची, चांगली, हसरी बाई. तिने दार वाजवलं आणि फ्लोराबाई दचकल्या, पण तिला बाहेर पाठवलं नाही. चहा झाला, ओटकेक झाले. लॉरेनने तिला माहीत होतं ते सांगितलं. फ्लोराबाईंची आई हॅलिफॅक्समध्ये कुणाच्या घरी कामाला होती. फ्लोराला आश्रमात ठेवलं आणि त्याच हिवाळ्यात ती हॉस्पिटलमध्ये वारली. वडील कोण, ते कुणालाच माहीत नाही.

म्हणजे न्यायला यायची होती ती आई, पुढच्या वसंतात मुलगी फेरीवर चढली तेव्हा जिवंतसुद्धा नव्हती. इतकी वर्षं एका घराने तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती.

फ्लोराबाईंनी पदर नसलेल्या ब्लाउजची बाही डोळ्यांना लावली. थोड्या वेळाने सावरून विचारलं, "आणि तिची आई कोण? ती कुणाची?"

"सॉरी," लॉरेन म्हणाली, "ग्रँडमाच्या पलीकडे मला काहीच माहीत नाही. आमच्याकडे कुणी असलं विचारत नाही."

मी चार पायऱ्यांत संपलो तेव्हा फ्लोराबाई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, त्याच नजरेने तिच्याकडे बघत राहिल्या. मग तिला वाटेत खायला म्हणून डबाभर ओटकेक बांधून दिले.

संध्याकाळी हेक्टर आला. त्याला सगळं सांगितलं. त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली, ती फिरवत राहिला आणि म्हणाला, "बरं झालं. आता तुला तुझी माणसं मिळाली."

त्याला चांगलंच म्हणायचं होतं. मी तिथे होतो, शपथेवर सांगतो, त्याच्या आवाजात मायाच होती. पण फ्लोराबाईंचा चेहरा मी पाहिला. त्या उठल्या, किटली उचलून सिंकमध्ये ओतली आणि आत निघून गेल्या. ती किटली दिवसाउजेडी रिकामी झालेली मी कधी पाहिली नव्हती.

त्यानंतर हेक्टर यायचा, बसायचा, सरपण ठेवून जायचा. त्या बोलायच्या नाहीत. लग्नाच्या चौकशीला आलेल्या बाईलाही त्यांनी परत पाठवलं, आपल्याला काही आठवत नाही म्हणून. जूनमध्ये त्यांचं ब्लड प्रेशर इतकं वर गेलं, की सुमन रोज क्लिनिकहून येताना त्यांच्याकडे थांबायला लागली. एकदा मी सोबत होतो. सुमनने दंडाला पट्टा बांधला आणि नेहमीच्या करड्या आवाजात विचारलं, "काय होतंय नक्की?"

फ्लोराबाई पहिल्यांदाच इंग्लिशमध्ये दुखणं सांगताना अडखळल्या. "सगळे म्हणतात माझी माणसं सापडली," त्या म्हणाल्या. "माझी माणसं हरवली कधी होती? मी त्या टेबलाशी जेवले. बाबाला शेवटचं पाणी मी पाजलं. मला फक्त एकदा, मरायच्या आधी एकदा, आलस्तरची म्हणून हाक ऐकायची होती. आणि हेक्टर मला मंक्टनला पाठवतोय."

सुमनने पट्टा सोडला आणि त्यांचा हात धरून बसून राहिली. ती पेशंटचा हात धरून बसणारी डॉक्टर नाही. मला तर तिथे उभंच राहवेना, मी बाहेर जाऊन गाडीची काच पुसली.

फ्रॉलिक ऑगस्टच्या शेवटी होता आणि आमचं कॉन्ट्रॅक्टही त्याच आठवड्यात संपत होतं. खोकी भरलेली, घर रिकामं. फ्लोराबाई येणार नाहीत असंच गावात बोललं जात होतं. पण सुमन त्यांच्याकडे गेली आणि त्यांना गाडीत घालूनच आणलं. काय बोलली ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. हॉल भरला होता. खिडक्या उघड्या, बाहेर आखातावर छान ऊन. ब्लँकेट टबातून काढून टेबलावर पसरलं, पाणी जमिनीवर ठिबकत होतं. कट्रीना माझ्या शेजारी बसली, गेलिक समजावून सांगायला. नावं मला आता तिच्याशिवायही कळत होती.

हेक्टरने स्वतःची वंशावळ म्हटली. मग एकेकाला हाक मारली. चार गाणी झाली, पाच झाली. मग तो थांबला. पुढची पाळी कुणाची, हे सगळ्या हॉलला माहीत होतं. मला वाटतं, त्यालाही जुनी हाक आता मारवत नव्हती. जिची वाट बघायची ती आई कधीच येणार नव्हती, हे त्याला कळलं होतं. पण वडलांनी न दिलेलं नाव आपल्या तोंडाने द्यायचं धाडसही होत नव्हतं. तो टेबलाला दोन्ही हात टेकून उभा राहिला, फ्लोराबाईंकडे बघितलं आणि हाकच मारली नाही. त्याने विचारलं, "को लेश ऊ?"

कुणाची तू?

आयुष्यभर हा प्रश्न त्या दुसऱ्यांना विचारत आल्या होत्या. त्यांना तो कुणी विचारला नव्हता. विचारून काय करणार, उत्तर सगळ्यांना माहीत होतं. फ्लोराबाई उभ्या राहिल्या. हातातला रुमाल चुरगाळत होत्या. मंक्टनचं नाव घेतील का बोटीचं, कुणालाच कळेना. मग त्यांनी सुरुवात केली, हळू आवाजात.

"फ्लोरा. आलस्तरची. आलस्तर रोरीचा. रोरी डोनाल्डचा..."

आणि थांबल्या. हॉलमध्ये कुजबुज उठली. गावातल्या कुठल्याही घराची आठवी पिढी झोपेतून उठून सांगणारी बाई, स्वतःच्या घरात एक माणूस गाळून बसली होती. ज्या ओळीच्या सुरुवातीला स्वतःचं नाव आहे, ती ओळ तिने मोठ्याने कधी म्हटलीच नव्हती. त्यांचा चेहरा लाल झाला. चूक झाली एवढं त्यांना कळलं, पण कुठे, ते सुचेना. मला वाटलं, आता या खाली बसणार. सुमनने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

हेक्टरची मान वर झाली. चूक ऐकून गप्प बसणं त्या माणसाला जमलेलं नाही, चर्चमध्ये फादरलाही तो मधेच थांबवतो.

"नील," तो म्हणाला. मग पुढे गेलिकमध्येच काहीतरी म्हणाला, रागावल्यासारखं, पण आवाज फुटला होता. कट्रीनाचं भाषांतर करायचं राहूनच गेलं. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"रोरी नीलचा," ती म्हणाली. "आजोबा म्हणतायत, आपल्या घरातलं माणूस असं विसरायचं असतं का?"

फ्लोराबाईंनी रुमाल खिशात घातला. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. फ्लोरा, आलस्तरची, आलस्तर रोरीचा, रोरी नीलचा, नील डोनाल्डचा. या वेळी आवाज हॉलच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचला. हेक्टर प्रत्येक नावाला मान हलवत होता, शिक्षक हलवतात तशी, आणि शेवटच्या नावाला त्याने डोळे मिटून घेतले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिथे अशा वेळी टाळ्या वाजवत नाहीत.

माझ्या नजरेसमोर राहिलेल्या फ्लोराबाई त्या एवढ्याच, कारण दुसऱ्या दिवशी आम्ही व्हिटबीला निघालो आणि पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. फ्रॉलिकच्या दिवशी त्या टेबलाच्या डोक्याशी गेल्या, बाह्या कोपरापर्यंत सारल्या. हेक्टरने स्वतःची खुर्ची बाजूला सरकवून त्यांना आपल्याशेजारी जागा केली आणि ब्लँकेटचं ओलं टोक त्यांच्या हातात दिलं.